भ्राताश्री, रविवारी सकाळी 9 वाजता

पत्र

ताई, नमस्कार.

माझं वय 46. माहेर सांगलीचं, आता पुण्यात असते. दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झालं तेव्हा मी चौथीत होते आणि दादा सातवीत. रविवारी मालिका संपली की दिवसभर आम्ही तसंच बोलायचो. 'भ्राताश्री, माझी पट्टी परत करावी.' 'भगिनी, प्रथम लिमलेटच्या गोळीचा अर्धा भाग दे.' छत्रीच्या दांडीला चिंध्यांचा बोळा बांधून, त्यावर गणपतीच्या मखरातली उरलेली बेगड चिकटवून दादानं गदा केली होती. सांगलीच्या घरी माळ्यावर ती अजून आहे.

दादा आता न्यू जर्सीत आहे. आई गेल्यापासून त्या घरावरून आमचं बिनसलंय. त्याला विकायचंय, मला नाही. आता भाऊबीजेचा फोन तेवढा होतो, तोही 'बरी आहेस ना', 'बरा आहे' एवढाच. माझ्या मनात आलं, वर्षातला एक दिवस ठरवावा, 'भ्राताश्री दिन'. त्या दिवशी दोन्ही घरांतल्या सगळ्यांनी महाभारतासारखंच बोलायचं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, या वयात काय हा पोरकटपणा. सासूबाई म्हणाल्या, देवादिकांची थट्टा करू नये. 13 वर्षांची मुलगी 'क्रिंज' म्हणून उठूनच गेली. नवरा धास्तावलाय त्याला कारणही आहे. दोन वर्षांपूर्वी घरच्या कार्यात पुतण्यानं माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या बोलण्याची नक्कल केली. त्या मालवणच्या, हेल निराळा. सगळे हसले आणि त्या न जेवता निघून गेल्या.

करू की नको?

— भगिनी, पुणे

उत्तर

प्रिय भगिनी,

करा. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

तुमचं पत्र वाचताना मला वाईचा आमचा वाडा आठवला. तिथे टीव्ही एकच, मालकांच्या माजघरात. रविवारी सकाळी सतरंजी अंथरली जायची. पुढे पोरं, मागे बायका, उंबऱ्याशी पुरुष. माझे बाबा आणि काका त्याच वाड्यात समोरासमोरच्या खोल्यांत राहायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. विहिरीकडच्या जमिनीच्या तुकड्यावरून वाजलं होतं, त्याला दोन वर्षं झाली होती. पण मालिका दोघांनाही चुकवायची नसे, म्हणून दोघंही त्याच खोलीत, मधे तीन माणसं सोडून बसायचे. एका रविवारी काकांना उशीर झाला. बसायला जागा नव्हती. ते बाबांच्या मागे येऊन उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, 'भ्राताश्री, किंचित सरकावे.' माजघर गप्प झालं. मग पोरं खिदळली. बाबा सरकले.

त्यानंतर ते दोघं गळ्यात गळे घालून फिरले असं काही झालं नाही. जमिनीचं मिटायला पुढे चार वर्षं गेली. पण त्या रविवारपासून 'नळाला पाणी आलं का', 'पेपर झाला का वाचून' एवढं बोलणं सुरू झालं आणि आईनं काकूकडे वाटी पाठवायला सुरुवात केली. 'अरे, सरक जरा' असं म्हणायला काकांची जीभ उचलली नसती. त्यात माघार दिसली असती. 'भ्राताश्री' म्हणायला मात्र काही आडवं आलं नाही. शब्द मालिकेतला होता, पण ज्याला उद्देशून होता तो सख्खा भाऊच होता.

म्हणून तुमच्या या दिवसाला मी पोरकटपणा म्हणणार नाही. तुम्हाला दादाशी बोलायचंय आणि नेहमीच्या भाषेतल्या सगळ्या वाटा त्या घरापाशी जाऊन थांबतात. तुम्ही एक जुनी वाट शोधली आहे, लहानपणी दोघांनी मिळून पाडलेली.

आता यजमानांसाठी. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात अल्बनी नावाचं गाव आहे. 6 जून 1995 ला तिथे जॉन बाउर आणि मार्क समर्स हे दोन मित्र रॅकेटबॉल खेळता खेळता समुद्री चाच्यांच्या भाषेत एकमेकांना चेव आणायला लागले. खेळ संपेपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं की जगात एक दिवस असा असावा, ज्या दिवशी सगळ्यांनी चाच्यांसारखं बोलावं. दोघंही चांगली मोठी माणसं. पुढची सात वर्षं हा दिवस ते दोघं आणि त्यांचे मित्र एवढ्यांपुरताच होता. 2002 मध्ये डेव्ह बॅरी या विनोदी स्तंभलेखकाला त्यांनी कळवलं, त्यानं त्यावर लिहिलं, आणि आता 19 सप्टेंबरला जगभर लोक चाच्यांसारखे गुरगुरतात.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं. लोक ज्याला चाच्यांची बोली समजतात ती खऱ्या चाच्यांची नाहीच. ती रॉबर्ट न्यूटन या एका नटाची आहे. तो इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडचा, डॉर्सेटचा. 1950 च्या चित्रपटात लाँग जॉन सिल्व्हर या चाच्याचं काम करताना त्यानं आपल्या मुलखाचा ठसठशीत हेल लावला, पुढे त्याच भूमिकेची दूरचित्रवाणी मालिकाही केली, आणि तो हेल जगाच्या कानात बसला. म्हणजे एका माणसाच्या गावचं बोलणं पडद्यावरून साऱ्या जगाचं झालं. तुमच्या जाऊबाईंचा मालवणी हेलही असाच त्यांच्या मुलखाचा आहे. तो एकदा दुखावला गेलाय, हे मी विसरलेले नाही. त्यावर पुढे लिहिते.

आपल्या 'भ्राताश्री'चंही असंच आहे. व्यासांच्या महाभारतात कोणी कोणाला भ्राताश्री म्हणत नाही. तिथे 'तात' आहे, 'राजन्' आहे, 'पार्थ' आणि 'कौंतेय' आहे. भ्राताश्री, पिताश्री, माताश्री ही मालिकेतली बोली, आणि मालिकेचे संवाद राही मासूम रझा यांचे. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीचे ते. अलीगढच्या विद्यापीठात शिकवलं आणि मग मुंबईला आले. अब्बाजान, अम्मीजान, भाईजान या घरच्या हाकांच्या चालीवर त्यांनी पिताश्री, माताश्री, भ्राताश्री घडवले असं सांगतात. एका घरातली माया दुसऱ्या घराच्या शब्दांत उतरली आणि रविवारी सकाळी देशभरातल्या सतरंज्यांवर जाऊन पोचली. सांगलीतल्या दोन पोरांनी ती लिमलेटच्या गोळीसाठी वापरली, याचा त्यांना आनंदच झाला असता असं मला वाटतं.

सासूबाईंना हेच सांगा, पण असं व्याख्यान देऊ नका. त्यांच्याजवळ बसून आधी विचारा की त्या मालिका कुठे बघायच्या, कोणाबरोबर. त्या काळी आंघोळ करून, टीव्हीपुढे उदबत्ती लावून बसणारी घरं होती. त्यांचं घर तसंच असेल तर त्यांची हरकत अगदी रास्त आहे, ती उडवून लावू नका. त्यांच्याशी काही गोष्टी ठरवून घ्या. कृष्णाची नक्कल कोणी करायची नाही. गीतेतलं काही घ्यायचं नाही. द्यूतसभेचा प्रसंग कोणीही, कितीही लांबून, विनोदासाठी आणायचा नाही. (हे शेवटचं मी माझ्याकडूनही सांगते. तो प्रसंग हसण्याचा नाही.) आपण हाका मारतो आहोत, नमस्कार करतो आहोत, आज्ञा मागतो आहोत, एवढंच. आणि मग त्यांना त्यांचं काम द्या: प्रत्येकानं येऊन 'प्रणाम' म्हणायचं आणि त्यांनी 'आयुष्मान भव' म्हणायचं. नातवंडांना वाकायला लावणारा दिवस कुठल्या आजीला नको असतो?

तारखेचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तिथे माणसं चुकतात. मालिकेचा पहिला भाग 2 ऑक्टोबर 1988 ला दाखवला गेला, रविवारी. तुमच्या मनात ती तारीख येईल. ती घेऊ नका. अल्बनीच्या त्या दोघांनाही कल्पना सुचली तो 6 जून हा दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या चढाईचा दिवस होता. हजारो माणसं मेलेल्या दिवशी आपला खेळ नको म्हणून त्यांनी तो सोडला. दुसरी तारीख लक्षात राहणारी हवी होती, म्हणून समर्सच्या घटस्फोटित बायकोचा वाढदिवस धरला. आपल्या 2 ऑक्टोबरला गांधी जयंती असते. तो दिवस तसाच राहू द्यावा. मी म्हणेन, ऑक्टोबरातला एखादा रविवार. वारानंच दिवस ओळखला जाईल. कारण तुम्हा दोघांच्या आठवणीत ती मालिका तारखेनं नाही, रविवार सकाळ म्हणून आहे. पितृपंधरवडा कधी कधी ऑक्टोबरात येतो, तेवढा टाळा, नाहीतर सासूबाईंचं मन पुन्हा मागे जाईल.

वेळ मात्र दादाच्या घड्याळाची घ्या. ऑक्टोबरात तिकडे सकाळचे 9 वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. त्याला रविवारची सकाळ मिळू द्या, चहा हातात, नुकताच उठलेला. तुम्ही दिवेलागणीला बसा. सकाळ त्याच्या वाटणीला गेली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तो घरापासून लांब आहे, त्याला तिची जास्त गरज आहे.

मुलीचं मला थोडं जपून सांगायचंय. अमेरिकेतच डॅनियल ओ'कीफ नावाच्या गृहस्थांनी 1966 मध्ये घरापुरता एक सण काढला. नाव फेस्टिव्हस. ठरावीक तारीख नाही, कधीही उगवायचा. घड्याळ पिशवीत घालून भिंतीला ठोकायचं, आणि टेपरेकॉर्डरवर प्रत्येकानं वर्षभराच्या तक्रारी बोलायच्या. मुलगा मोठेपणी 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेचा लेखक झाला. तो या सणाबद्दल बाहेर बोलायला तयार नव्हता. भावाकडून सहकाऱ्यांना कळलं, त्यांनी आग्रह धरला आणि 1997 च्या एका भागात तो सण आला. आज तो सण कितीतरी लोक हौसेनं पाळतात. पण मला त्या घरातला लहान मुलगा दिसतो. बापानं काढलेला सण, आपल्याला कोणी विचारलेलं नाही, आणि शाळेत कोणाला सांगायची सोय नाही.

तेव्हा मुलीला विचारा. 'तूही ये' असा आग्रह न करता 'तुला यात काय करायचंय' असं विचारा. 2020 च्या टाळेबंदीत ही मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. आजीशेजारी बसून थोडंफार पाहिलंही असेल. तिला 'समय' होऊ द्या. पडद्यावर न दिसता, नुसत्या आवाजात सगळ्यांची गोष्ट सांगणारा. 'मी समय आहे. आज पुण्यात चकल्या बिघडल्या आहेत.' तेराव्या वर्षी स्वतः न दिसता सगळ्यांवर बोलायला मिळणं ही मोठी चैन असते. नको म्हणाली तर खोलीत बसू द्या. आणि त्या संध्याकाळी कोणाचाही व्हिडिओ त्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही, पाठवायचा तर त्याहून नाही.

आता जाऊबाई. पुतण्यानं केलं आणि तुम्ही करणार आहात, यातला फरक तुमच्या यजमानांना दिसत नाहीये. तो त्यांना दिसला पाहिजे. पुतण्यानं खोलीत बसलेल्या माणसाची नक्कल केली. ते बोलणं त्यांचं स्वतःचं, आईच्या दुधाबरोबर आलेलं. बाकीचे सगळे एका बाजूला आणि त्या एकट्या दुसऱ्या बाजूला. भ्राताश्रीच्या बोलण्यात तसं होत नाही, कारण ते खोलीतल्या कोणाचंच नाही. सगळ्यांनाच तोंड वाकडं करून बोलावं लागतं, सगळेच सारखे अडखळतात. पण तिथेही एक पथ्य पाळा: धृतराष्ट्राचं आंधळेपण आणि शकुनीचं लंगडणं यांची नक्कल नको. कुटुंबात कोणाचे डोळे अधू असतात, कोणाचे गुडघे गेलेले असतात. बोली घ्या, व्यंग सोडा.

आणि जाऊबाईंना हा दिवस ठरवायच्या आधी भेटा. फोनवर नको. त्या दिवशी आम्ही हसलो, चुकलं, असं सरळ म्हणा. 'वाईट वाटलं असेल तर' असं नको, त्यांना वाईट वाटलंच होतं. त्या आल्या तर त्यांच्या मालवणीतली 'माताश्री' कशी होते ते त्यांनाच ठरवू द्या. आल्या नाहीत तर यंदा आल्या नाहीत.

बोलायचं कसं, हे तुम्हाला मी काय सांगू? तुम्ही चौथीपासून तयार आहात. पण नवख्यांसाठी सोपं करा. नात्याला 'श्री' जोडायचं, 'आपण' म्हणायचं, आणि घरातल्या वस्तूला सापडेल तो संस्कृत शब्द लावायचा. 'माताश्री, दुग्धपात्र उतू जात आहे!' 'पिताश्री, आपल्या भ्रमणध्वनीचे प्राण चार टक्के उरले आहेत.' मराठीत तर नाती कितीतरी आहेत. जाऊ, नणंद, विहीण, साडू. 'विहीणश्री' म्हणून हाक मारून बघा, दोन्ही घरं खुर्चीवरून पडतील. आपल्याकडे ही भाषा अगदी परकीही नाही. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार', 'चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद' असं आपण कालपरवापर्यंत पत्रांत लिहीत होतो. फोन आला आणि सगळे 'हं, बोल' झाले.

राहिलं घर. इथे मी तुम्हाला जरा थांबवते, कारण तुम्ही निवडलेली गोष्टच भावाभावांच्या वाटणीची आहे. 'सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन देणार नाही' हे दुर्योधनाचं म्हणणं सगळ्यांना पाठ आहे. कोणीतरी हसत हसत ते म्हणेल, आणि तुम्हा दोघांपैकी एकाला ते विनोद वाटणार नाही. म्हणून कौरव-पांडव अशा बाजू पाडूच नका. भूमिका वाटू नका. नुसती बोली ठेवा. घराबद्दल एक वेगळा फोन करा, आधी, साध्या मराठीत, 'अरे दादा' म्हणून. त्याला तो पैसा कशासाठी हवा आहे हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. मला वाटतं, तुम्ही त्याला विचारलेलं नाही. आणि तुम्हाला घर का हवंय हेही त्यात नाही, फक्त माळ्यावरची गदा आहे. तेवढं कारण असेल तर तेही त्याला सांगा. कारण म्हणून ते लहान नाही. त्या फोनमध्ये काहीच मिटलं नाही तरी चालेल. रविवारी तो विषय निघणार नाही, एवढं दोघांत ठरलं की पुरे.

मग त्याला पत्र लिहा, हातानं, कागदावर, आणि फोटो काढून पाठवा. मला सुचलं तसं लिहून देते, तुम्ही बदला:

'ती. भ्राताश्रींच्या चरणी भगिनीचा सा. न. वि. वि. आपली गदा माळ्यावर सुखरूप आहे. बेगड तेवढी निघाली आहे. येत्या रविवारी आपल्या घड्याळात सकाळचे 9 वाजता सपरिवार दर्शन द्यावे. घराचा विषय त्या दिवशी निघणार नाही, हे वचन. लिमलेटची अर्धी गोळी मी आपणांस देणे लागते, ती पोचती करण्याची आज्ञा व्हावी. कळावे, लोभ असावा.'

त्याआधी एकदा सांगलीला जाऊन गदा खाली काढून आणा, कॅमेऱ्यासमोर धरायला लागेल. झटकून घ्या, बोळा सैल झाला असेल तर दोरा गुंडाळा. बेगड मात्र लावू नका. ती दादा येईल तेव्हा त्यालाच लावू द्या.

तुमची,
ताई